पत्तीची उष्टावण

बाळाला पहिल्यांदा भात भरवतात त्याला सगळा महाराष्ट्र उष्टावण म्हणतो. तासगावच्या नवजीवन ब्रास बँडात मात्र उष्टावण व्हायची ती पत्तीची. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, ती पत्ती. वाजवणारा फुंकतो ते तिच्यावर आणि सूर निघतो तो तिच्या थरथरण्यातून. कोरी पत्ती मोठी हट्टी. धड बोलत नाही आणि बोललीच तर किंचाळते. म्हणून अंतू मास्तर आवळे नव्या शिष्याची पत्ती आधी स्वतः आठवडाभर वाजवायचे, आपल्या तोंडात मुरवायचे आणि दसऱ्याला सगळ्या बँडासमोर ती ओलीच्या ओली शिष्याच्या तोंडात द्यायचे. वर म्हणायचे, "घे. माझी फुंक आहे तिच्यात. आता तुझी घाल."

तुम्ही नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. पण मास्तरांची उष्टी पत्ती मिळावी म्हणून तासगावातली पोरं वर्ष वर्ष झांजा बडवत बसायची.

दीपमाला लोंढेला ती नवव्या वर्षी मिळाली. तिचा बाप बँडात ढोल वाजवायचा आणि ही त्याच्या मागं मागं फिरायची. पोरगी क्लॅरिनेट वाजवणार म्हटल्यावर मंडळी फिदीफिदी हसली. मास्तर शांतपणे म्हणाले, "फुंकेला काय मिशा असत्यात का रे?" आणि विषय तिथंच मिटला.

पुढं बाप गेला आणि मास्तर राहिले. दीपमालाचं लग्न त्यांनी जुळवलं. बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांच्या घरून आले. डीजेवर बंदी येऊन बँडाला पुन्हा बरे दिवस आले, तेव्हा वरातीच्या पुढं चालायची जागा त्यांनी तिला दिली. आता मास्तर ऐंशीला टेकले होते. वरातीत चालवत नव्हतं, पण रोज सकाळी बँडाच्या शेडमध्ये बसून जोगिया राग वाजवल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. क्लॅरिनेट धरताना वरचे पुढचे दात माऊथपीसवर टेकवावे लागतात. मास्तरांचे ते चार दात या वयातही शाबूत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मास्तर वाजवून थांबले की दीपमाला वाजवायची. मग एकाच बशीतून दोघांचा चहा व्हायचा, अर्धा त्यांचा, अर्धा तिचा. तिचा नवरा हणमंत चिडवायचा, "माझ्या घरचा चहा हिला बेचव लागतो." आणि ते खरंच होतं.

पंचेचाळिशी उलटली आणि दीपमालाची बोटं कुरकुरायला लागली. सकाळी उठावं तर मूठ मिटेना. पेरं भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगायची आणि पोलक्याची बटणं हणमंतला लावायला लागायची. थंडी असेल, वय असेल, असं करत तिनं वर्ष ढकललं. मग कवठेमहांकाळच्या एका वरातीत ऐन तानेत तिची अनामिका छिद्रावर बसलीच नाही. क्लॅरिनेट असं काही किंचाळलं की घोडा बिचकला आणि नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून बसला. लोक पोट धरून हसले. दीपमाला टेम्पोच्या मागं जाऊन आपल्या हाताकडं बघत उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिला भीती वाटली.

गावच्या सांधेरुग्णालयात डॉक्टर तबस्सुम मुल्ला होती. मुल्लांच्या गल्लीतलीच पोर, दीपमालापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. या बँडापुढं नाचतच मोठी झालेली.

"आमवात आहे, दीपाताई," ती म्हणाली. "पण घाबरू नका. तुमच्या आईच्या वेळेसारखं आता राहिलं नाही."

आणि तिनं जे सांगितलं ते दीपमालाला पहिल्या झटक्यात समजलं, इतकं ते सोपं होतं. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या खाचेत एक जंतू राहतो. त्याला एक वाईट खोड आहे. आपल्याच शरीरातल्या प्रथिनांचे चेहरे तो बदलून ठेवतो, आर्जिनिन नावाच्या घटकाचं सिट्रुलिन करून टाकतो. शरीराचे पहारेकरी ते बघतात, हा आपल्या घरातला दिसत नाही म्हणतात आणि त्याच्यावर काठी उगारतात. भांडण सुरू होतं हिरडीत. वीस-तीस वर्षं ते तसंच धुमसतं आणि मग सांध्यांच्या अस्तरात तसलेच चेहरे दिसले की पहारेकरी तिथंही जाऊन झोडपायला लागतात. सगळ्यांना असं होत नाही. ज्यांच्या जनुकांतच तसा कल असतो त्यांनाच होतं.

"या भांडणाचं मूळ आता सापडतं," तबस्सुम म्हणाली. "रक्तातल्या स्मरणपेशी काही विसरत नाहीत. पहिला जंतू कुठल्या वाणाचा होता ते त्या सांगतात. दर घरातल्या जंतूचा वाण थोडा वेगळा, गावागणिक बोली बदलते तसा. म्हणजे कुणाच्या तोंडातून तो तुमच्याकडं आला तेही कळतं."

या तपासणीला लोक मूळशोध म्हणत. ती आली आणि घरोघरी पंचाईत होऊन बसली. नवरा-नवरीनं एकमेकांच्या दातांतून विडा तोडायचा खेळ लग्नांतून बंद पडला. नातवाला घास चावून भरवला म्हणून लेकींनी आयांशी बोलणं टाकलं. एका जावेनं दुसरीला भर पंगतीत "तुझ्या उष्ट्यानं माझे गुडघे गेले" असं सुनावलं आणि पंगत तशीच उठली. शेवटी कायदा करावा लागला. मूळ माणसाचं नाव रोग्याच्या परवानगीवाचून कुणाला सांगायचं नाही आणि त्या माणसावर उपचाराची सक्तीही करायची नाही.

"औषध काय मग?" दीपमालानं विचारलं.

"विसर-लस. पहारेकऱ्यांना ती जुनं भांडण विसरायला लावते. तुमचं तोंड औषधानं साफ होईल, पण तोच जंतू पुन्हा तोंडात आला तर त्यांना सगळं नव्यानं आठवतं. आणि दुसऱ्यांदा लस लागू पडत नाही. म्हणून आधी मूळ साफ करायचं आणि मगच लस."

हणमंतची लाळ तपासली, जुळली नाही. आईची तपासली, तीही नाही. तबस्सुम ठरलेले प्रश्न विचारत गेली. लहानपणी घास कोण भरवायचं, पाणी कुणाच्या भांड्यातून प्यायचात, असले.

"उष्टावण कुणी केली होती?"

"मास्तरांनी," दीपमाला सहज बोलून गेली.

"मामानं नाही? बरं. केवढ्या होतात?"

"नऊ."

"नऊ महिन्यांच्या."

"न्हाई, नऊ वर्षांची."

तबस्सुमनं मान वर केली. "नऊ वर्षं तुम्हाला भात दिला नव्हता का हो घरच्यांनी?"

दोघीही खळखळून हसल्या. मग तबस्सुमचं हसू थांबलं. दरवर्षी दसऱ्याला ती बँडाच्या शेडबाहेर उभी राहून ते बघत आलेली होती. दीपमालाचंही हसू थांबलं. बोलून बसले आपण, हे तिला कळलं.

"मास्तरांना काय करावं लागंल?" तिनं हळूच विचारलं.

"तपासावं लागेल. पण या वयात जंतू मुळाशी खोल गेलेला असतो, हाडापर्यंत. औषध तिथं पोचत नाही. पुढचे दात काढावे लागतील."

"मग?"

"मग कवळी बसवू. भाकरी कुस्करून खाता येईल."

"मी भाकरीचं विचारलं न्हाई, तबस्सुम."

ऐंशी वर्षांच्या झिजलेल्या जबड्यावर बसवलेली कवळी क्लॅरिनेटचा जोर सोसत नाही, हे दोघींनाही न बोलता कळत होतं.

"दुसरी काही वाट?"

"आहे एक. फुंकीबरोबर तुषार उडतात. तुमची लस होऊन पक्की बसेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, त्यांच्यासमोर बसायचं नाही. एका खोलीत वाजवायचं नाही. त्यांच्या घरचं खायचं-प्यायचं नाही."

"तसंच करू. त्यांना सांगायचं मात्र न्हाई. बोललीस तर ते आजच्या आज दात उपटून हातात देतील."

"आणि ही दोन वर्षं त्यांना काय वाटेल?"

दीपमाला उठली. ती चपला घालून निघाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शेडमध्ये जायचं सोडलं. वरातीला ती परस्पर यायची, परस्पर जायची. बँडातल्या माणसांना म्हणाली, सर्दी आहे. मास्तरांचं घर एका गल्लीपलीकडं. सकाळी जोगिया सुरू झाला की ती चुलीपुढचं काम टाकून खिडकीत उभी राहायची. वाजवून संपलं की मास्तर तिच्या वाटेकडं डोळे लावून बसत असतील, बशीत चहा ओतून ठेवत असतील, हे तिला न बघताच दिसायचं. मग तिचा दिवसभर कशात जीव लागायचा नाही.

लस घ्यायची तारीख ठरली, पण महिन्याभरात गावात कुजबूज सुरू झाली. दीपी नवा बँड काढतेय. म्हाताऱ्याला सोडलं. शिकवलं तोवर मास्तर, आता कोण मास्तर? असं बोलायला लोकांचं काय जातंय.

एका सकाळी मास्तर स्वतःच दारात हजर. काठी टेकत आले आणि पायरीवर बसले. दीपमालानं घाईनं तोंडाला पदर लावला आणि आतल्या उंबऱ्याशीच उभी राहिली.

"सर्दी हाय व्हय?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय."

"म्हयना झाला की गं सर्दीला."

मास्तर काठीच्या टोकानं अंगणातला खडा इकडून तिकडं ढकलत राहिले.

"नवा बँड काढतीस म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"गाव म्हणतंय. काढ की. चांगलं हाय. मी काय जल्माला पुरणार हाय?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि तोच तिला सोसवेना. "नाव काय ठेवलं ते तेवढं सांग. नारळ फोडाय मी यीन. का तेबी नको?"

दीपमालाला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या पायाशी बसावं आणि सगळं सांगून टाकावं. ती तशीच उभी राहिली. "पाणी देते," एवढंच कसंबसं म्हणाली. मोरीत जाऊन नळ सोडला, तांब्या भरला आणि नळ बंद करायला गेली तर बोटांनी तो फिरेना. नेहमीसारखा तिनं मनगटानं रेटून बंद केला. तांब्या दोन्ही तळव्यांत धरून आणला आणि पायरीवर ठेवून मागं सरली.

मास्तरांनी तांब्याकडं बघितलं नाही. ते तिच्या हातांकडं बघत होते. बराच वेळ बघितलं. मग पदराआडच्या तोंडाकडं बघितलं. मग काठी उचलली आणि निघून गेले. पाणी तसंच राहिलं. दीपमाला आत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. मास्तर रागावून गेले, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जोगिया ऐकू आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हणमंत म्हणाला, "म्हातारा रुसला असंल." चौथ्या दिवशी मात्र तिच्यानं राहवेना. दोन वर्षं, लस, तुषार, सगळं गेलं खड्ड्यात असं म्हणून ती तडक शेडमध्ये गेली.

मास्तर खुर्चीत बसून आंबील पीत होते. जबड्याभोवती मफलर गुंडाळलेला, गाल सुजलेला. तिला बघून ते हसायला गेले आणि त्या हसण्यात मधोमध नुसतं खिंडार दिसलं.

दीपमाला त्यांच्या खुर्चीपाशी गेली.

"तबस्सुमनं सांगितलं?" ती म्हणाली. "नाव सांगायचं न्हाई असा कायदा हाय. मी तिला..."

"ती पोर काय बोलली न्हाई," मास्तर बोबडं बोलत होते, शब्द ओठांतून निसटत होते. "मीच गेलो. म्हणलं, माझी लाळ घे आन माझ्या शिष्याला जुळती का बघ. आपल्या आपण दिली तर बघाया येतं. ती नगं नगं म्हणत हुती. मी म्हणलं, पोरीचा हात नळावर बसंना, तोंडाला पदर लावून ती माझ्यापासनं लांब पळती, मला काय कळत न्हाई व्हय? मूळशोध काय असतं ते आता शेंबडं पोरबी सांगतंय."

"आन जुळली म्हणून लगेच काढून टाकलासा? कुणाला विचारून काढलासा दात?"

तिचा आवाज चढला होता. इतकी ती मास्तरांवर आयुष्यात कधी ओरडली नव्हती.

मास्तरांनी वाटी खाली ठेवली. "तुला पत्ती दिली ती काय तुला विचारून दिली हुती?"

शेडमध्ये दोघंच होती. भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं तेवढी त्यांच्याकडं बघत होती.

"पोरी," मास्तर म्हणाले. "माझ्याजवळ दुसरं काय हुतं गं द्यायला? जे लई चांगलं हुतं ते तुझ्या तोंडात घातलं. त्यातनं ह्ये असलं जाईल, असं सपनात तरी..."

"चांगलंच दिलंसा," दीपमाला त्यांचे पाय धरत म्हणाली. "तुमच्या फुंकीवर माझं घर उभं राहिलं. त्यातनं दुसरं काय आलं ते तुम्हाला कुठं ठावं हुतं? मला माझी बोटं गेल्याचं येवढं वाईट वाटलं नसतं, मास्तर. सकाळी आता मी काय ऐकू?"

"तुझं ऐकव की मला," मास्तर म्हणाले. "मी काय दात काढलेत, कान न्हाई."

दोघंही हसली आणि दोघांचेही डोळे गळत होते. मास्तरांनी मफलरच्या टोकानं आपलं नाक पुसलं आणि मग त्याच टोकानं तिचं पुसायला हात पुढं केला. मध्येच त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी हात मागं घेतला. दीपमालानं मफलर ओढून आपलं नाक पुसलं. तबस्सुमला हे सांगायची गरज नव्हती.

मास्तरांच्या हिरड्या भरल्या, लाळ स्वच्छ ठरली आणि मग दीपमालाला विसर-लस टोचली. तबस्सुमनं आधीच बजावलं होतं की पहारेकऱ्यांना विसरायला वेळ लागतो. सूज ओसरली, पण बोटं भलतीच आळशी झाली होती. छिद्रापर्यंत जायची आणि वाटेतच थांबायची. बँडाचा हंगाम बुडाला. दीपमाला क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसायची आणि नुसती पुसायची.

मास्तरांची बोटं मात्र ठणठणीत. एक दिवस त्यांनाच काय सुचलं कुणास ठाऊक. ते बाकावर तिच्या मागं येऊन बसले आणि तिच्या दोन्ही बाजूंनी हात पुढं घालून त्यांनी छिद्रांवर बोटं ठेवली.

"फुंक तुझी, बोटं माझी," ते म्हणाले. "जोगिया."

पहिल्या दिवशी झालेला आवाज ऐकून गल्लीतली कुत्री उठली. फुंक एकीकडं, बोटं भलतीकडं.

"आधी फुंकतीस कशाला? माझं बोट उठू दे की."

"तुमचं उठंस्तोवर माझा दम संपतोय."

"माझ्या बोटानं जोगिया तुझ्या बापानं ऐकलाय, मला शिकवू नको."

हणमंत जेवायला बोलवायला आला, दारातून हा प्रकार बघितला आणि तोंडावर हात ठेवून तसाच मागं फिरला. पुढं गावात तो सांगायचा, आमच्यात एकच क्लॅरिनेट दोन माणसं वाजवत्यात, कुठं बघितलंय का असलं?

पण दोघंही हट्टी. रोज भांडायचे आणि रोज बसायचे. हळूहळू तिला त्यांच्या बोटांचा अंदाज यायला लागला, आणि तिची फुंक कुठं वळणार ते त्यांना तिच्या पाठीच्या हालचालीवरून कळायला लागलं. एका सकाळी अस्ताईची पहिली ओळ अखंड निघाली. शेडबाहेर दूधवाला थांबला. मास्तर वाजवायला लागले वाटतं पुन्हा, असं तो पुढच्या दारी सांगून गेला, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मग मास्तरांनी एक उद्योग सुरू केला. वाजवता वाजवता ते एखादं बोट अलगद उचलून घ्यायचे. तिथं दीपमालाचं बोट बसलं तर ठीक, नाही बसलं तर सूर फाटायचा आणि ते पुन्हा आपलं ठेवायचे. आज हे बोट, उद्या ते. तिच्या लक्षात यायचं, पण बोलायला तोंड मोकळं नसायचं. अनामिकेनं सगळ्यात जास्त छळलं. कित्येक दिवस ती नुसती थरथरायची. मास्तर कंटाळले नाहीत. त्यांच्या सुरकुतलेल्या बोटाशेजारी तिचं जाड झालेलं बोट येऊन टेकायचं आणि मग ते आपलं हळूच बाजूला करायचे.

उन्हाळा सरत आला होता. त्या दिवशी जोगिया चांगलाच रंगला. दीपमाला डोळे मिटून वाजवत होती. अंतऱ्यावरून परत येताना तिला वाटलं, पाठीमागचा भार कमी झालाय. तिनं डोळे उघडले. क्लॅरिनेटवर नुसती तिचीच बोटं होती, सगळीच्या सगळी. मास्तरांनी दोन्ही हात कधीचेच काढून घेतले होते.

थांबावं असं तिला फार वाटलं. मागं वळून बघावं, त्यांच्या गळ्यात पडावं. पण सूर मध्ये सोडलेला मास्तरांना चालत नसे. ती वाजवत राहिली. मागं मास्तर आपले रिकामे हात मांडीवर ठेवून बसले आणि शेवटच्या सुरापर्यंत त्यांनी ते तिथून हलवले नाहीत.